संत्री-मोसंबीच्या साली आणि उरलेला पाक: काय, कधी, कसं वापरायचं

सालीचं काय करायचं हे फळ कापायच्या आधी ठरवावं लागतं. रस पिळून झालेली मोसंबीची लिबलिबीत वाटी किसणीवर धरली की साल राहते बाजूला आणि बोटंच किसली जातात. पाकाच्या बाबतीत आधी पाहायचा तो दाटपणा. डबा उघडून पाक किती दाट आहे हे बघितल्याशिवाय त्याचं सरबत करावं, शंकरपाळे करावेत की तो आज रात्रीच उकळून ठेवावा, हे सांगता येत नाही. म्हणून आधी साल ओळखू, मग कृतींकडे वळू.

कोणत्या फळाची साल कशाला

नागपुरी संत्र्याचे दोन बहार मुंबईत येतात. आंबिया बहाराची फळं दिवाळीच्या आगेमागे दिसू लागतात, मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये. साल पातळ, सैल, हाताने सुटणारी आणि आतला पांढरा भाग नावापुरता. ही साल चटणी, पंचामृत आणि पावडर यांसाठी नंबर एक. कँडी करता येते, पण ती चिवट होते.

कँडीसाठी मोसंबी घ्या. जालना आणि एकूणच मराठवाड्याकडून येणाऱ्या मोसंबीची साल गराला घट्ट चिकटलेली असते, अंगाने बरी जाड असते आणि फार कडू नसते. हिवाळ्यात हातगाड्यांवर संत्र्याच्या शेजारी जो लालसर, चकचकीत किनो असतो, त्याची साल जास्त तेलकट आणि जास्त कडवट. सरबताला वासासाठी छान, कँडीला एक उकळी जास्त द्यावी लागते. मोठ्या दुकानांतल्या स्टिकर लावलेल्या परदेशी संत्र्यांची साल सर्वांत जाड. कँडी देखणी होते, पण वर मेणाचा थर असतो, तो आधी काढावा लागतो.

लिंबू आपलं नेहमीचं कागदी. नावाप्रमाणे साल पातळ, म्हणून तिची जागा लोणच्यात. गणपतीच्या दिवसांत बाजारात येणाऱ्या पपनसाचं उलट: बाहेरची हिरवी साल फार कडू, ती सोलून टाकायची आणि आतला जाड पांढरा भाग वापरायचा. एक सूचना मात्र इथेच देते. पपनस आणि ग्रेपफ्रूट यांचा कोलेस्टेरॉलच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांवर परिणाम होतो. गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या दोन फळांच्या सालींच्या वाटेला जाऊ नका.

रस सेंटरवाल्याकडून पिशवीभर साली फुकट मिळतात, आणि काही जण त्या आणून कँडी करतात. मला हे पटत नाही. ती फळं धुतलेली असतात की नाही आणि साली किती वेळ बादलीत पडून होत्या, हे आपल्याला ठाऊक नसतं. फरशीसाठी आणा हवं तर, खाण्यासाठी नको.

धुणं आणि सोलणं

सालीच्या बाहेरच्या रंगीत थरात तेलाचे बारीक बारीक कण असतात. सगळा वास तिथेच. आतल्या पांढऱ्या भागाला वास नाही. कडवटपणा बराचसा त्यात असतो आणि जॅम घट्ट करणारं पेक्टिनही त्यातच. म्हणजे वास हवा असेल तर फक्त वरचा रंग घ्यायचा, आणि चावायला काही हवं असेल तर पांढऱ्यासकट घ्यायची.

फळं आणली की एक लिटर पाण्यात एक चमचा खायचा सोडा घालून पंधरा मिनिटं ठेवा, मग भाजी धुवायच्या मऊ ब्रशने चोळून साध्या पाण्याने धुवा. चकचकीत फळ असेल तर हाताला सोसेल इतकं कोमट पाणी घ्या, मेण सुटायला मदत होते. फडक्याने कोरडं पुसा. ओल्या सालीवर किसणी घसरते.

मग क्रम असा: किसायचं असेल तर अख्खं फळ किसायचं, पांढरं दिसू लागलं की फळ फिरवायचं. पट्ट्या हव्या असतील तर सोलाण्याने वरून खाली सोलायचं. कँडीसाठी मात्र फळाला वरून खाली चार चिरा देऊन सालीच्या चार पाकळ्या उकलायच्या. हे सगळं आधी, रस नंतर. सोललेलं फळ लवकर सुकतं, त्यामुळे त्याच दिवशी खाऊन टाका किंवा रस काढा.

लिंबाची साल किसल्यावर किंवा पुष्कळ लिंबं पिळल्यावर हात साबणाने धुऊन मगच उन्हात जा. लिंबाच्या सालीतले काही घटक त्वचेवर राहिले आणि त्यावर ऊन पडलं, तर भाजल्यासारखे फोड आणि नंतर महिनोन् महिने न जाणारे काळपट डाग उठतात. पिळलेल्या लिंबाची साल चेहऱ्यावर चोळायचा सल्ला जे देतात, त्यांना हे सांगून ठेवा.

साठवणूक: मुंबईत फ्रीजरच बरा

विदर्भात गच्चीवर साली टाकल्या की दोन दिवसांत खडखडीत वाळतात. मुंबईत गच्ची सोसायटीची, खिडकीच्या ग्रीलवर कबुतरं, आणि जून ते सप्टेंबर हवाच इतकी दमट की कापड वाळत नाही. या महिन्यांत साल वाळवायचा हट्ट सोडा. डिसेंबर ते फेब्रुवारी हवा कोरडी असते, तेव्हा पंख्याखालीही तीन-चार दिवसांत साल वाळते.

बाकी वर्षभर फ्रीजर वापरा. किसलेली साल चमच्या-चमच्याने बर्फाच्या ट्रेमध्ये भरून, वर थोडं पाणी किंवा त्याच फळाचा रस घालून गोठवा, मग वड्या पिशवीत काढा. कँडीच्या पाकळ्या तशाच पिशवीत, हवा दाबून काढून. आज दोन मोसंबी, परवा दोन असं करत आठवड्याभरात एका घाण्यापुरत्या साली जमतात. गोठलेली साल उकळताना लवकर मऊ होते, हा वरचा फायदा. थर्मोकोलच्या वाट्यांत साली ठेवू नका. सालीतलं तेल थर्मोकोल विरघळवतं.

साखरेत मुरवलेली साल

सर्वांत कमी कष्टाचा प्रकार, आणि माझ्या मते सर्वांत फायद्याचा. चार मोसंब्यांच्या किंवा सहा लिंबांच्या रंगीत पट्ट्या घ्या, वाटीभर साखर घाला आणि बोटांनी दोन मिनिटं चुरा. साखरेचे कण सालीला ओरखडतात, तेल बाहेर येतं आणि साखर शोषून घेते. झाकून रात्रभर ठेवा. सकाळी साखर ओलसर, पिवळसर आणि वासाने भरलेली दिसेल.

इथून दोन वाटा फुटतात. त्यात अर्धी वाटी लिंबाचा रस घालून साखर विरघळवली आणि गाळली, की न उकळलेल्या सरबताचा अर्क तयार. उकळल्यावर जो ताजा वास उडून जातो, तो यात शाबूत असतो. फ्रीजमध्ये आठवडाभर ठेवा. किंवा पट्ट्या काढून टाकून तीच साखर शिऱ्यात, श्रीखंडात, नानकटाईत वापरा. श्रीखंडात घालायची असेल तर चक्का नीट टांगलेला हवा, कारण ही साखर स्वतःच ओलसर असते.

मोसंबीच्या सालीची कँडी

काम तीन दिवसांचं दिसतं, पण प्रत्यक्ष हात लागतो तो रोज वीसेक मिनिटं. स्टीलचं पातेलं घ्या, जाड बुडाचं. ॲल्युमिनियम नको, आंबट पदार्थाशी त्याचं जमत नाही.

पाव किलो साली अर्ध्या बोटाच्या रुंदीच्या पट्ट्यांत कापा. फार बारीक कापल्या तर आटून काड्या होतात. थंड पाण्यात पट्ट्या आणि चमचाभर मीठ घालून गॅसवर ठेवा. उकळी आल्यावर पाच मिनिटांनी ते पाणी फेका. पुन्हा थंड पाणी, पुन्हा उकळी, पुन्हा फेका. तिसऱ्या पाण्यात मात्र फेकायची घाई नको. मंद आंचेवर पंधरा-वीस मिनिटं शिजू द्या आणि एक पट्टी बाहेर काढून पांढऱ्या बाजूवर नख दाबा. नख लोण्यात शिरावं तसं शिरलं पाहिजे. जरा जरी करकरलं तर अजून पाच मिनिटं शिजवा.

इथे मी इतकी थांबते त्याला कारण आहे. एकदा साखर लागली की साल पुढे मऊ होत नाही. अर्धकच्ची साल पाकात टाकली तर ती कितीही उकळली तरी चामड्यासारखीच राहते, आणि लोक दोष साखरेला देतात. कडवटपणाची पारखही आत्ताच करा. पट्टी चावून बघा. किंचित कडू असेल तर चालेल, कारण साखरेत तो कडूपणा चांगला लागतो. जीभ आक्रसत असेल तर आणखी एक पाणी. किनोला बहुधा ते लागतंच. पपनसाचा पांढरा भाग असेल तर तो आधी रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवून दोन-तीनदा हातांनी पिळून घ्या, मग उकळा.

आता पट्ट्या चाळणीत निथळून वजन करा. पाणी पिऊन त्या फुगलेल्या असतात. पाव किलोच्या साडेतीनशे ग्रॅमपर्यंत भरतील. जितकं वजन तितकी साखर, आणि साखरेच्या निम्मं पाणी. साखर विरघळून उकळी आली की पट्ट्या सोडा आणि अगदी मंद आंचेवर वीस मिनिटं ठेवा. गॅस बंद. झाकण नको, वर ताट तिरकं ठेवा. रात्रभर तसंच.

लगेच आटवून मोकळं का व्हायचं नाही? दाट पाकात साल एकदम पडली की पाक तिच्यातलं पाणी बाहेर ओढतो, साल आकसते आणि साखर आत जायला जागाच उरत नाही. पातळ पाकातून हळूहळू दाट पाकाकडे गेलं की पाणी बाहेर जातं तशी साखर आत येते आणि साल फुगलेली राहते. मोरावळ्याचा आवळा मुरायला ठेवतात तो याच हिशोबाने.

दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं मंद उकळून पुन्हा ठेवा. तिसऱ्या दिवशी चमचाभर लिंबाचा रस घाला आणि पाक एकतारी होईपर्यंत उकळा. थेंब ताटलीत घेऊन गार करून अंगठा आणि बोट यांमध्ये धरा. बोटं उघडताना एक तार येऊन तुटली की गॅस बंद. पट्टी उजेडात धरली तर आतला पांढरेपणा गेलेला दिसतो, काचेसारखी आरपार झालेली असते. ढवळताना झारा पातेल्याच्या कडांना घासत राहू नका. कडेला लागलेली साखर खाली पडली की अख्ख्या पाकात कण धरतात. लिंबाचा रस घालायचं कारणही तेच: आंबटपणाने साखरेचा काही भाग फुटतो आणि पाक रवाळ होत नाही.

पट्ट्या जाळीवर निथळा, खाली ताट ठेवा. थंडीच्या दिवसांत पंख्याखाली एक-दोन दिवस ठेवून साखरेत घोळवल्या की बरणीत भरायच्या. पावसाळ्यात मात्र वाळवूच नका. साखर हवेतलं पाणी ओढते, कँडीला पाझर सुटतो, बरणीत लगदा होतो आणि ओट्यावर मुंग्यांची रांग लागते. त्या महिन्यांत पट्ट्या पाकातच बुडवून फ्रीजमध्ये ठेवा आणि लागतील तेवढ्याच काढा. खरं तर अशा मुरलेल्या पट्ट्या मला कोरड्यांपेक्षा जास्त आवडतात. पोळीबरोबर मुरांब्यासारख्या खाता येतात.

डिसेंबरात यांचा खरा भाव कळतो. वसईला आणि वांद्र्याला नाताळच्या केकसाठी सुकामेवा रममध्ये भिजत पडलेला असतो, त्यात घरची संत्र्याची साल असेल तर केकचा वास लांबून कळतो. बाजारची रंगीत टुटी-फ्रुटी कच्च्या पपईची असते, तिच्याकडून ही अपेक्षा करू नका. पाव किलो मैद्याच्या केकला शंभर ग्रॅम पट्ट्या पुरतात. बारीक चिरून थोड्या मैद्यात घोळवून घाला, म्हणजे तळाशी बसत नाहीत.

उरलेला पाक आधी तपासा

कँडीनंतर वाटी-दीड वाटी पाक उरतो. त्याशिवाय घरात गुलाबजामचा, रसगुल्ल्याचा, मोरावळ्याचा पाक कुठल्या ना कुठल्या डब्यात असतोच. सगळे पाक एकत्र ओतायचे नाहीत.

रसगुल्ल्याचा पाक पाण्यासारखा पातळ. त्यात साखर कमी आणि छेन्याचे कणही असतात, म्हणून तो सगळ्यांत आधी आंबतो. गाळून त्याच दिवशी उकळा आणि तीन-चार दिवसांत संपवा. गुलाबजामचा पाक बोटांना चिकटतो पण तार येत नाही. साधारण निम्मी साखर. त्यात तळणीचं तूप आणि खव्याचा चुरा उतरलेला असतो. फ्रीजमध्ये ठेवला की तूप वर गोठतं, ते चमच्याने काढून टाका, पाक गाळून उकळा, मग आठ-दहा दिवस वापरा. कँडीचा एकतारी पाक या दोघांपेक्षा टिकाऊ. शंभरात पासष्टच्या वर साखर असली की बुरशीला आणि यीस्टला वापरता येईल इतकं पाणीच मोकळं राहत नाही. असा पाक फ्रीजमध्ये दोन-तीन महिने सहज राहतो.

पण तो बिघडतो कसा, तेही बघण्यासारखं आहे. गरम पाक बाटलीत भरून झाकण लावलं की वाफ झाकणाला आतून लागते, थेंब होतात आणि पाकावर टपकतात. खाली पाक दाट, पण वरचा केसभर थर पातळ होतो, आणि बुरशी नेमकी तिथे धरते. म्हणून पूर्ण गार झाल्यावरच झाकण लावा, आणि चमचा कोरडा घ्या. वर फेस, बुडबुडे, आंबूस वास किंवा फुगलेलं झाकण दिसलं तर उकळून वाचवायच्या फंदात न पडता फेकून द्या. बुरशीचा ठिपका वरून काढून बाकीचा पाक वापरणंही नको.

फ्रीजमध्ये पाकाखाली खडे बसले तर मात्र घाबरायचं कारण नाही. चमचाभर पाणी घालून बाटली गरम पाण्यात ठेवली की विरघळतात.

पाक कशात घालायचा

हिशोब लक्षात ठेवा: एकतारी पाकाच्या एका कपात जवळपास एक कप साखर आणि शंभर मिलिलिटरच्या आसपास पाणी असतं. म्हणजे ज्या पदार्थाला कपभर साखर लागते, तिथे कपभर पाक घाला आणि पाणी-दूध अर्ध्या कपाला थोडं कमी इतकं वजा करा. पाक पातळ असेल तर आधी आटवून एकतारीपर्यंत आणा, मग हा हिशोब लागू.

शिऱ्यात सालीचा पाक फार छान लागतो. रवा तुपावर नेहमीसारखा भाजा, पाणी घालून फुलवा, मग पाक घालून वाफ द्या. दुधातला शिरा करू नका, कारण या पाकात लिंबू आहे आणि दूध फाटेल. याच कारणाने बासुंदी, खीर, मिल्कशेक यांतही तो चालत नाही. गुलाबजामचा पाक मात्र दुधाला चालतो.

शंकरपाळ्यांना कोणताही पाक चालतो, गुलाबजामचा असेल तर वेलचीची पूड वाचते. वाटीभर एकतारी पाक, पाऊण वाटी तूप आणि पाव वाटी पाणी कोमट करून एकत्र ढवळा, चिमूटभर मीठ घाला आणि मावेल तेवढा मैदा घालून घट्ट मळा. साधारण चार वाट्या मैदा लागतो. अर्धा तास झाकून ठेवा, जाडसर लाटून कापा आणि मंद आंचेवर तळा. साखर आधीच विरघळलेली असल्याने शंकरपाळे लवकर लाल होतात. गॅस नेहमीपेक्षा कमी ठेवा.

सरबताला पेलाभर गार पाण्यात तीन मोठे चमचे पाक, अर्ध्या लिंबाचा रस, काळं मीठ आणि भिजवलेला सब्जा. मे महिन्यात पाण्याऐवजी सोडा घाला. पाक कडवट वाटत असेल तर चिमूटभर मीठ वाढवा, साखर नको. मिठाने कडवटपणा दबतो, साखरेने नुसतं गोडमिट्ट होतं. रव्याचा केक गरम असतानाच टूथपिकने टोचून वर चार-पाच चमचे पाक ओतला, तर दुसऱ्या दिवशीही तो कोरडा पडत नाही.

पिळलेल्या लिंबांचं लोणचं

उन्हाळ्यात सरबताचा घाट घातला की वीसेक लिंबांच्या साली एकदम उरतात. त्यांचं उपवासाचं लोणचं करा. बिया एकूण एक काढा, कडूपणाचं मूळ त्याच असतात. प्रत्येक अर्ध्याचे दोन तुकडे. साली साधारण चारशे ग्रॅम भरल्या तर तीन मोठे चमचे सैंधव आणि सहा लिंबांचा ताजा रस. रस वगळू नका. या साली पिळलेल्या आहेत, टिकायला लागणारा आंबटपणा त्यांच्यात उरलेला नाही.

वेळ असेल तर काचेच्या बरणीत भरून सहा-सात दिवस रोज हलवत ठेवा, साली मऊ होतात. नसेल तर स्टीलच्या डब्यात झाकून कुकरमध्ये चार शिट्ट्या काढा. मग साडेतीनशे ग्रॅम साखर किंवा गूळ, दोन मोठे चमचे लाल तिखट, दोन चमचे भाजलेल्या जिऱ्याची पूड घालून मंद आंचेवर गरम करा. यातली निम्मी साखर वजा करून कँडीचा पाक घालता येतो, मग फक्त दोन मिनिटं जास्त आटवा. जरा सैल असतानाच उतरवा, गार झाल्यावर घट्ट होतं. तिखट, जिरं उपवासाला चालतं की नाही ते आपापल्या घरच्या पद्धतीप्रमाणे. आठवडाभर मुरलं की साबुदाण्याच्या खिचडीबरोबर खा. पावसाळ्यात बरणी फ्रीजमध्ये.

संत्र्याच्या सालीचं पंचामृत

कानडी घरांत संत्र्याच्या सालीचं गोज्जू करतात, चिंच-गुळातलं आंबट-गोड-तिखट. आपल्या पंचामृताची जातकुळी तीच, म्हणून ही साल त्यात बेमालूम बसते. दोन संत्र्यांची साल अगदी बारीक चिरा, मिठाच्या पाण्यात एक उकळी देऊन निथळा. तेलात मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, चार-पाच हिरव्या मिरच्यांचे तुकडे, त्यावर साल घालून दोन मिनिटं परता. पाव वाटी चिंचेचा कोळ, वाटीभर पाणी, खोबऱ्याचे पातळ काप आणि चमचाभर गोडा मसाला घालून दहा मिनिटं उकळा. मग पाव वाटी गूळ आणि दोन-दोन चमचे तिळाचा आणि दाण्याचा कूट. गुळाऐवजी मोरावळ्याचा पाक असेल तर अधिकच उत्तम. गूळ साल शिजल्यावरच घालायचा, कँडीचाच नियम. वरण-भाताबरोबर दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं. फ्रीजमध्ये आठ दिवस राहतं.

वाळवलेल्या साली

थंडीत वाळवलेल्या नागपुरी संत्र्याच्या साली मोडताना कट्‌कन आवाज झाला पाहिजे, वाकल्या तर ओल आहे. मिक्सरमध्ये फिरवून, चाळून, घट्ट बरणीत. चहात चिमूटभर, बेसनाच्या लाडवात अर्धा चमचा. दिवाळीच्या उटण्यातही आंबेहळद, नागरमोथा, कचोऱ्याबरोबर ही पूड जाते. त्यासाठी वस्त्रगाळ करा, नाहीतर अंगाला ओरखडे उठतात, आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा.

उरल्यासुरल्याचं

कडू साली, पिळलेली लिंबं, बेचव झालेला पाक यांचं बायोएन्झाइम करतात: तीन भाग साली, एक भाग गूळ, दहा भाग पाणी, प्लास्टिकच्या बाटलीत तीन महिने. बाटली पाऊण भरा आणि पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून गॅस सोडा. काचेची बाटली फुटू शकते. गुळाऐवजी पाक चालतो, फक्त त्याचं माप दीडपट घ्या. तयार होतं ते आंबट, सौम्य असं पुसण्याचं पाणी. सिंकला, टाइल्सला ठीक आहे. जंतुनाशक म्हणून त्याचे जे पोवाडे गायले जातात त्यांवर मी विसंबणार नाही. ग्रॅनाइटच्या ओट्याला चालतं, पण कडाप्प्याच्या फळ्यांना आणि संगमरवराला लावू नका, आंबटाने दगडाची चकाकी जाते. ब्लीचमध्ये तर ते कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. तांब्या-पितळेला बायोएन्झाइमची गरजच नाही: पिळलेल्या लिंबाच्या सालीवर मीठ घेऊन चोळा आणि लगेच धुऊन कोरडं पुसा.

आणि एवढं करूनही उरलं, तर ओल्या कचऱ्याच्या डब्यात. घरी कुंडीत खत करत असाल तर साली बोटाच्या पेराएवढ्या कापून थोड्या थोड्या घाला. गांडुळांच्या डब्यात मात्र नको, त्यांना त्या सोसत नाहीत.